वीट वाजवणाऱ्याची नोंदवही

ताइपिंग,
सोमवार, १६ सप्टेंबर २०२४

प्रिय गुणा,

परवा शनिवारी, १४ सप्टेंबरला, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, बुकित सेरुलिंगच्या जुन्या बोगद्यात, नवव्या आणि दहाव्या कोनाड्याच्या मध्ये, अकरा परक्या माणसांसमोर आपल्या वडिलांना कामचुकार ठरवण्यात आलं. वेळ मी घड्याळात पाहून ठेवली. इपोहच्या न्यायालयात चौतीस वर्षं लघुलेखिका होते, ती सवय अजून जात नाही. वाचणारी बाई दुसरी होती, शब्द तुझे होते.

आता रीतीचं बोलते. तू, हेलन आणि मुलं बरी असाल. पर्थमध्ये थंडी ओसरली असेल. इथे नेहमीसारखा रोज चार वाजता पाऊस येतो आणि शेजारीण रोज चार वाजून पाच मिनिटांनी दोरीवरचे कपडे काढायला धावते. माझी तब्येत गुडघे सोडून चांगली आहे. जुलैत पंचाहत्तर पूर्ण झाली. तुझं कार्ड आलं नाही, यायचं कारणही नव्हतं. अम्मा गेल्यापासून तेहेतीस वर्षं आपण एकमेकांना काही पाठवलेलं नाही. त्याआधी मात्र मी दर वर्षी तुला कार्ड पाठवत होते, दोन्ही बाजू भरून लिहिलेलं. ते लक्षात ठेव, त्याचं काम पुढे आहे.

आज सुट्टी आहे, पोस्ट बंद. म्हणून पत्र लांबलं तर चालेल.

बोगदा आता लोकांना दाखवतात. गाड्या नव्या दुहेरी मार्गाने जातात, जुने रूळ काढले, आत दिवे लावले. पेपरात जाहिरात आली, 'शनिवारी सकाळी नऊ वाजता, बुटात पाणी जाईल, तक्रार चालणार नाही.' तक्रार चालणार नाही हे वाचूनच मी नाव नोंदवलं. माझ्या डोक्यावर पिवळं हेल्मेट चढवलं, त्यात माझा अंबाडा मावेना. सोबत पेनांगचे कुणी खू नावाचे निवृत्त दंतवैद्य होते, बायकोला घेऊन आलेले, दर पाच मिनिटांनी विनोद करणारे. दाखवणारी अझलिना, चाळिशीची, स्वतः अभियंता, दुरुस्तीचं काम तिच्याच हाताखाली झालेलं. हेल्मेटखाली नीट बांधलेला स्कार्फ आणि गुडघ्यापर्यंत चिखल.

"आंटी, आत निसरडं आहे. माझा हात धरा."

"मी या बोगद्यातून तुझ्या जन्माआधी चालले आहे," मी म्हटलं आणि तिचा हात धरला.

"तेव्हा गाड्या नव्हत्या वाटतं?" खू म्हणाले.

"होत्या. म्हणून मी झपझप चालते."

"मग आज हळू का?"

"आज तुम्ही पुढे आहात."

त्यांची बायको हसली. एवढं हसली की मला वाटलं, बिचारीला घरी संधी मिळत नसावी.

अझलिना चांगलं सांगते, गुणा. कुठेही पाठ केल्यासारखं वाटत नाही. १८९८ साली डोंगराच्या दोन्ही अंगांनी खोदायला सुरुवात झाली. पूर्वेकडून आपली तमिळ माणसं, पश्चिमेकडून चिनी. डोंगरमाथ्यावर खांब रोवून सरळ रेषा आखली, मग मधोमध एक विहीर खाली सोडली आणि तिच्यात दोन तारा टांगल्या. तारांच्या टोकांना वजनं, वजनं तेलाच्या बादल्यांत बुडवलेली, म्हणजे ती हलू नयेत. त्या दोन तारांवरून अंधारात दिशा धरायची. "दोन तारांमधलं अंतर माझ्या दोन हातांएवढं," ती म्हणाली आणि हात पसरून उभी राहिली, "आणि त्यावरून हजारो फूट पुढे सरळ जायचं. तार केसाएवढी हलली तरी पलीकडे माणूस चुकणार."

"आणि नाही चुकला," खू म्हणाले. बाहेर तोंडावरच्या दगडात बोगदा आखणाऱ्या साहेबाचं नाव कोरलेलं आहे ना, दोन्ही बाजू एका इंचात मिळाल्या असं त्याखाली लिहिलेलं आहे. साहेबाचं नाव मी इथे लिहीत नाही. दगडावर आहे, पुरेसं आहे.

"सर, चुकला," अझलिना म्हणाली. "या जानेवारीत आम्ही भिंतीमागचं दाखवणारं यंत्र इथून फिरवलं. दोन्ही बाजू मिळाल्या तेव्हा जवळजवळ दोन फुटांचा फरक होता. मग रेषा वाकवायला त्यांनी डोंगर जास्त फोडला, लाकडी टेकू दिले आणि टेकू न काढताच पुढे विटांची कमान बांधून टाकली. मागची जागा दगडांनी ठासून भरायची असते. भरलीच नाही. टेकू कुजले, पाणी साचलं. बाहेरून भिंत सरळ, आतून चाळीस फूट पोकळ."

"आणि कागदावर एक इंच," मी म्हटलं.

"कागदावर एक इंच, आंटी."

तिथेच, त्या पोकळ जागेखाली उभं राहून तिने या बोगद्यावर तू लिहिलेली पुस्तिका उघडली. पान एकतीस. १९६३ च्या २९ ऑगस्टला, गुरुवारी, इथे कमान कोसळली. एकतीस ऑगस्टच्या स्वातंत्र्यदिनाच्या जादा गाड्यांसाठी खडी भरणारी टोळी खाली होती. पेरुमाळ नावाचा कामगार जागीच गेला. आणि मग तुझं वाक्य. मी ते लघुलिपीत हातावर उतरवून घेतलं, पुस्तिका नंतर विकत घेतली. 'विटांच्या अस्तराची दर आठवड्याला तपासणी करण्याची जबाबदारी ज्याच्यावर होती त्या के. वैतिलिंगम यांच्या नोंदवहीत दुर्घटनेआधीच्या तिन्ही आठवड्यांत काहीही दोष आढळल्याची नोंद नाही. ही दुर्घटना एका माणसाच्या हलगर्जीपणाची आहे.'

"म्हणजे म्हातारा ड्यूटीवर झोपला होता," खू म्हणाले.

बायकोने त्यांच्या दंडावर चापट मारली. मला खूंचा राग आला नाही. ते अप्पांना ओळखत नव्हते.

तुझा आला. अझलिनाने चालता चालता सहज सांगितलं, पोकळी सापडल्यावर तिने तुला कळवलं होतं. तू उत्तर दिलंस की पोकळी असेल, पण पोकळी ऐकू यावी म्हणूनच वीट वाजवायला माणूस ठेवलेला असतो, आणि वहीत काही नाही. सबब मजकूर तसाच राहील. तू जन्मभर सिंगापूरपासून पर्थपर्यंत बोगदे बांधलेस. बापाच्या चुकीची भरपाई म्हणून बांधतोस असं एकदा दारू पिऊन म्हणाला होतास. अम्माच्या एकतिसाव्या दिवसाच्या विधीला, सगळ्या नातेवाइकांसमोर, अप्पांचा फोटो तिच्या शेजारी लावायला तू नकार दिलास. "एक हातोडी वाजवायची होती, तेवढंही त्या माणसाला झालं नाही," म्हणालास. मी तुला घरातून जायला सांगितलं. तू गेलास. अजून बाहेरच आहेस.

तुला अप्पा वीट कशी वाजवायचे ते माहीत नसेल. तू लहान होतास आणि तुला अंधाराची भीती वाटायची. मी अकरा वर्षांची असताना मला ते एकदा आत घेऊन गेले. सकाळची मेल निघून गेली की आठच्या मालगाडीआधी त्यांना दोन तास मिळायचे. एका हातात कंदील, खांद्यावर बांबू, बांबूच्या टोकाला बांधलेली हातोडी, दुसऱ्या हातात चुन्याची बादली. चुना कोनाड्यांसाठी असायचा. गाडी आली की जीव वाचवायला ज्या कोनाड्यात शिरायचं तो अंधारात दिसला पाहिजे, म्हणून त्याला सफेदी. बांबूने कमानीवर टक् टक् करत ते चालायचे. मध्येच थांबून म्हणाले, "मणी, डोळे मीट. ऐक." एक वाजवली. "आता ही ऐक." दुसरी वाजवली.

"दुसरी आजारी आहे," मी म्हटलं.

त्यांना इतका आनंद झाला की घरी येऊन अम्माला तीनदा सांगितलं, पोरीला कान आहे. कान होता, गुणा. नसता तर बरं झालं असतं.

आता भिंतीवरचं. धुराची काजळी धुवून काढली तेव्हा खांद्याच्या उंचीवर चुन्याचे ठिपके निघाले आहेत. मधल्या एका जागेपासून डावीकडे चौदा, उजवीकडे चौदा, दोन्हीकडे हळूहळू दूर दूर जाणारे. वरची कमान पडली, नवी बांधली, पण बाजूची भिंत जुनीच आहे, म्हणून ते राहिले. तुझ्या पुस्तिकेत त्यांच्यावर अर्धी ओळ आहे, 'बहुधा मूळ गवंड्यांच्या खुणा.' तू अभियंता आहेस. गवंड्याच्या खुणा असं सरकतात का?

अप्पांना लिहिता येत नव्हतं म्हणून ते खूण करायचे. बांबूने वर वाजवत जायचं, आवाज जिथे पोकळ होतो तिथे थांबून बरोबर खाली भिंतीवर एक ठिपका, जिथे पुन्हा भरीव होतो तिथे दुसरा. पुढच्या आठवड्यात पुन्हा. पोकळी वाढली की ठिपके सरकणार. चौदा जोड्या म्हणजे चौदा आठवडे. २९ ऑगस्टच्या आधीचे चौदा. मोज.

झोपलेला माणूस चौदा आठवडे चुना लावत नाही.

इथे मी उठून चहा केला. दुपारचा पाऊस येऊन गेला. हा कागद तीनदा उलटा ठेवला आणि तीनदा सरळ केला. तू हे वाचताना म्हणशील, मग वहीत का नाही? कोर्टातला कुठलाही वकील हेच विचारेल आणि त्याचं बरोबर असेल.

वही इंग्रजीत असायची. अप्पांना इंग्रजी येत नव्हतं, तमिळही लिहिता यायचं ते सहीपुरतं. हे तू पुस्तिकेत लिहिलं नाहीस. रेल्वेच्या क्वार्टर्समधल्या सगळ्या बापांचं इंग्रजी त्यांच्या कॉन्व्हेंटात जाणाऱ्या पोरींकडे होतं. फाटकवाल्याचे रजेचे अर्ज त्याची पोरगी लिहायची, सिग्नलवाल्याच्या जबाबाला त्याची मधली लेक. कचेरीतल्यांनाही ते माहीत होतं, कुणाला काही वाटायचं नाही. आपल्या घरात शनिवारी संध्याकाळी सहा वाजता तू देवळात तेवारमची स्तोत्रं म्हणायला जायचास आणि मी जेवणाच्या टेबलावर वही घेऊन बसायचे. अप्पा तमिळमध्ये सांगायचे, मी इंग्रजीत लिहायचे, ते खाली सही करायचे. त्यांनी एकदाही विचारलं नाही, काय लिहिलंस वाचून दाखव. सिस्टर बेनेडिक्टाने घोटवून घेतलेलं माझं अक्षर पाहूनच ते खूश असायचे. म्हणायचे, छापल्यासारखं आहे.

अकरा आठवडे अप्पांनी जसं सांगितलं तसं मी लिहिलं. नववा ते दहावा कोनाडा, कमानीचा आवाज पोकळ, मागच्या आठवड्यापेक्षा इतकी पावलं जास्त. अकराव्या आठवड्यात जरा फुलवूनही लिहिलं असेल, मला निबंधात बक्षीस मिळालं होतं. वही वर निरीक्षक लाझारूंकडे जायची आणि 'पाहिले' असा शेरा घेऊन परत यायची. बाकी काही नाही.

लाझारूंची क्लॅरिस माझ्या वर्गात होती. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी मधल्या सुट्टीत, चिंचेच्या झाडाखाली, सात-आठ मुलींसमोर ती म्हणाली, "मनोन्मणी, तुझ्या अप्पांना भिंतीत भुतं ऐकू येतात का गं? डॅडी जेवताना तुझं पत्र वाचून दाखवतात. आम्ही इतके हसतो."

"पत्र नाही, अहवाल असतो," मी म्हटलं.

"तोच. 'पोकळ, अधिक पोकळ.' डॅडी म्हणतात, माणूस बावळट आहे पण त्याची कारकून झकास आहे."

सगळ्या हसल्या. मीही हसले. ते मला आजही आठवतं, मीही हसले.

त्या शनिवारी, म्हणजे १० ऑगस्ट १९६३, संध्याकाळी सहा ते साडेसहाच्या दरम्यान, अप्पा बोलत राहिले आणि मी लिहीत राहिले. जुनी वही भरली होती, नवी सुरू झाली होती. अप्पा म्हणाले, "लिही, आता आवाज दहाव्या कोनाड्यापर्यंत गेला आहे, आणि विटांतून पाणी येतं आहे, साहेबांनी स्वतः येऊन ऐकावं अशी विनंती आहे." मी लिहिलं, 'अस्तर सर्वत्र भरीव. कळवण्यासारखे काही नाही.' माझं वाक्य त्यांच्या बोलण्यापेक्षा लवकर संपलं, म्हणून वेळ भरायला मी शाई टिपत बसले. त्यांनी सही केली. 'साहेब आता येतील' म्हणाले.

पुढच्या सोमवारी क्लॅरिसने काही म्हटलं नाही. म्हणून १७ तारखेला पुन्हा तेच लिहिलं. आणि २४ तारखेला. वाटलं होतं एक-दोन आठवडे थांबू, मग पुन्हा खरं लिहू. साहेब आले नाहीत म्हणून अप्पा दर शनिवारी जरा जास्त आवाजात सांगायचे, जणू मला ऐकू येत नसावं.

गुरुवारी कमान पडली.

चौकशी स्टेशनच्या प्रतीक्षागृहात झाली. तिथले कारकून कंदय्या यांनी अम्माला जे सांगितलं ते मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून ऐकलं. वही उघडली, तीन नोंदी मोठ्याने वाचल्या, तमिळमध्ये समजावल्या. अप्पांना विचारलं, "हा तुझा अहवाल?" अप्पा म्हणाले, "पुन्हा वाचा." पुन्हा वाचला. मग त्यांनी वही हातात मागून घेतली आणि अक्षराकडे बराच वेळ पाहिलं, वाचता येत नसताना. कंदय्या म्हणाले, "मी त्यांना खुणावत होतो की जुनी वही मागवा, जुन्या वहीत सगळं आहे, मी स्वतः पाहिलं आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही." मग अप्पा म्हणाले, "हो, माझाच. मी सांगितलं तसंच लिहिलेलं आहे."

जुनी वही आली असती तर एकच प्रश्न निघाला असता, अकरा आठवडे एक लिहिणारा हात बाराव्याला दुसरं का लिहितो. म्हणून त्यांनी ती मागवली नाही. ती लाझारूंच्या कचेरीत राहिली आणि नंतर कुठे गेली कुणास ठाऊक. तुला दप्तरात फक्त नवी सापडली, कारण चौकशीच्या कागदांना तीच जोडलेली होती.

घरी येऊन त्यांनी हातपाय धुतले. मी त्यांच्यासाठी पाणी घेऊन गेले. पेला घेताना म्हणाले, "मणी, आता लिहायचं काम संपलं. तू शाळेचा अभ्यास कर." एवढंच. त्या दिवशी एवढंच, आणि पुढची तेरा वर्षंही एवढंच. मला वाटतं त्यांनी मला मारलं असतं तर मी अम्माला सांगितलं असतं.

त्यांना कंपोंगजवळच्या, मलय वस्तीजवळच्या फाटकावर बसवलं. तिथे अहवाल नसतो. तुला शाळेत पोरं 'बोगदापाड्याचा पोरगा' म्हणायची आणि तू घरी येऊन त्यांच्याशी बोलेनासा झालास. नऊ वर्षांचा होतास, तुझा काय दोष. मी चौदा वर्षांची होते. पेरुमाळच्या बायकोला, लेचुमीला, सिस्टरांनी कॉन्व्हेंटच्या धोबीखान्यात काम दिलं. तीन वर्षं माझा गणवेश तिच्या इस्त्रीखालून यायचा. तिने मला कधी काही विचारलं नाही, तिला विचारण्यासारखं काही माहीतच नव्हतं. "ताठ उभी राहा, चुणी पडेल," एवढं म्हणायची.

मग मी न्यायालयात नोकरी धरली. जो बोलला त्याचं जसंच्या तसं उतरवायचं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. माझ्या नोंदीवर कधी आक्षेप आला नाही. निरोप समारंभात न्यायाधीश म्हणाले, या बाईंनी चौतीस वर्षांत कुणाच्या तोंडी स्वतःचा शब्द घातला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी आभार मानून घरी आले आणि समारंभातला हार न्हाणीघराच्या खिळ्याला अडकवला.

अप्पा १९७६ साली गेले. शेवटचे आठ दिवस मी त्यांच्या उशाशी होते. रोज ठरवायचे, आज सांगते. ते विचारायचे, जेवलीस का. मी म्हणायचे, जेवले.

अम्माच्या एकतिसाव्याला तू जे बोललास त्यावर सगळ्यात जास्त आरडाओरडा मी केला. नातेवाइकांना वाटलं, बघा, मुलीला बापाची किती माया. तू दाराबाहेर पडत असताना तुला थांबवून सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी दार लावलं.

आणि परवाचंही सांगते, कारण सुरुवातीला मी तुला दहा वाजून चाळीसची वेळ मोठ्या ठसक्यात दिली आहे. दहा वाजून पन्नास मिनिटांनी सगळे पुढे गेले आणि मी ठिपक्यांपाशी उभी राहिले. अझलिना परत आली.

"आंटी, तुम्हाला याबद्दल काही माहीत आहे का? मी सहा महिने डोकं फोडते आहे. गवंड्यांचं वाटत नाही मला. गवंडी एवढा चुना वाया घालवत नाहीत."

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. किती सोपं होतं. तोंड उघडलं आणि म्हणाले, "विटा चांगल्या भाजलेल्या आहेत."

"हो, पेनांगच्या भट्टीच्या," ती म्हणाली आणि माझा हात धरून मला बाहेर घेऊन आली. बाहेर सगळ्यांना केळीच्या पानात बांधलेला नारळाच्या दुधातला भात, नासी लेमाक, दिला. मी तो खाल्ला, गुणा. पंचाहत्तर वर्षांच्या बाईने, बापावर डाग ठेवून, दुसरा लाडूसारखा भाताचा गोळा मागून घेऊन खाल्ला.

आता कामाचं. तुझा पान एकतीसचा मजकूर पितळी फलकावर ओतून नवव्या कोनाड्याशेजारी कायमचा बसवणार आहेत. ओतकाम सोमवारी, ७ ऑक्टोबरला. लेखकाच्या लेखी संमतीशिवाय त्यातला शब्द बदलता येणार नाही, असं अझलिनाच्या कचेरीने मला शनिवारीच फोनवर सांगितलं. मी कोण आहे ते त्यांना सांगितलं नाही. तेव्हा शब्द तूच बदलायचा आहेस. वैतिलिंगम यांनी चौदा आठवडे दोष ऐकला, चौदा आठवडे भिंतीवर खूण केली, आणि शेवटचे तीन आठवडे त्यांच्या मुलीने, मनोन्मणीने, वहीत खोटं लिहिलं. माझं नाव गाळायचं नाही. 'कुटुंबातील व्यक्ती' असलं काही लिहिलंस तर मी तो फलक छिन्नीने काढेन.

सोबत माझा जबाब जोडला आहे, तारखांसह, माझ्या हातचा. तुझ्या पुस्तिकेत पान एकतीससमोर वहीच्या पानाचा फोटो आहे. दोन्ही शेजारी ठेव. आता ज्या कार्डांचं वर म्हटलं ती आठव. वीस वर्षं माझं अक्षर तुझ्या घरी येत होतं. तू तो फोटो निवडलास, छापायला दिलास, त्याखाली ओळ लिहिलीस. मला विचारायचं आहे की तू ते अक्षर ओळखलंस का. कॉन्व्हेंटच्या सगळ्या पोरींचं अक्षर एका साच्यातलं असतं हे मला माहीत आहे, तेव्हा नाही म्हणालास तर मी विश्वास ठेवीन. ओळखलं असशील आणि मला वाचवायला अप्पांवर ढकललं असशील, तर तेही लिही. ते घरातल्या दोघांनी केलं असं होईल, आणि ते मला माहीत असायला हवं. आतापर्यंत मला एकाचंच माहीत होतं.

तुझं उत्तर मला शनिवारी, ५ ऑक्टोबरला, दुपारी बारा वाजेपर्यंत हातात हवं. पोस्ट त्या वेळी बंद होतं आणि मी तिथे खिडकीशी उभी असेन. आलं नाही तर सोमवारी सकाळी ओतकाम सुरू व्हायच्या आधी मी जबाबाची दुसरी प्रत घेऊन अझलिनाकडे जाईन आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवीन. तसं करायला मला भीती वाटत नाही. पण अप्पांच्या नावापुढचं वाक्य त्यांच्या मुलाने बदललं, असं मला पाहिजे. त्यांनी वाट पाहिली असती तर तुझ्याकडूनच पाहिली असती.

उत्तर लेखी दे. फोन करू नकोस. फोनवर मी पुन्हा काहीतरी वेगळंच बोलेन.

अप्पांची कारकून,
तुझी मणी अक्का